बर्फ पडायच्या आत

आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालू असते. पाऊस सरतो, आभाळ निवळते. हिमालयातही याच दिवसांत आभाळ निवळते. पण तिथल्या शेतकऱ्याची धांदल पेरणीपेक्षा साठवणीची जास्त. कारण थोड्याच दिवसांत बर्फ पडणार असतो.

हिमाचल प्रदेशात कुलूचे खोरे आहे. त्यातून बियास नदी वाहते. कुलू गाव सुमारे ४,००० फूट उंचीवर आहे. आपले महाबळेश्वर त्याहून थोडे उंचच. पण खोऱ्याच्या वरच्या टोकाला रोहतांगची खिंड आहे, ती १३,००० फुटांवर. खिंडीपलीकडे लाहौल. तिथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदी गावी मिळतात. पुढे त्या नदीला चंद्रभागा म्हणतात. नाव ऐकून आपला वारकरी हात जोडील! पंढरपूरची चंद्रभागा मात्र वेगळी. ती मूळची भीमा. पंढरपुरापाशी ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला ते नाव पडले.

या दिवसांत तिकडच्या बाया विळा घेऊन डोंगरउतारावर जातात. गवत कापायचे, वाळवायचे, पेंढ्या बांधायच्या आणि पाठीवर घरी आणायच्या. वाट चढउताराची, तिथे बैलगाडी चालत नाही. लाहौलात सपाट धाब्याची घरे असतात. धाब्यावर पेंढ्या आणि सरपण रचून ठेवतात. हिवाळ्यात जनावर गोठ्यातून बाहेर पडू शकत नाही. चारा संपला तर बर्फातून आणणार कोठून? म्हणून घरच्या बाईला हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. जनावरे किती, महिने किती, पेंढ्या किती? गवत पुरेसे दिसत नसेल, तर एखादे जनावर आधीच विकलेले बरे. आमच्या गणिताच्या पुस्तकात असले उदाहरण नव्हते. असायला हवे होते.

भाज्यांचेही तसेच. त्या उन्हात सुकवून ठेवायच्या. लाहौलात शेतीचे पीक वर्षातून एकदाच येते. बटाटा आणि वाटाणा हा तिथला नगदी माल. तो वेळेवर बाजारात गेला, तरच हातात पैसा येतो.

याच सुमाराला गद्दी मेंढपाळ खाली उतरतात. उन्हाळ्यात ते खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांवर गेलेले असतात. अंगात लोकरीचा चोळा, कमरेला काळ्या लोकरीच्या लांब दोरीचे वेढे. आपले धनगर दिवाळीच्या सुमारास देशावरून कोकणात उतरतात, तसाच हा प्रवास. तिकडेही शेतकरी कळप शेतात बसवून घेतात. खत मिळते ना! पण गद्द्यांची वाट जिवावरची असते. २०१८ च्या सप्टेंबरात लाहौलात वेळेआधीच मोठा बर्फ पडला. शेकडो माणसे अडकली. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पुष्कळांना बाहेर काढले.

आता कुलूच्या दसऱ्याची गंमत ऐका. आपला दसरा ज्या दिवशी संपतो, त्या दिवशी तिथला सुरू होतो. तो सात दिवस चालतो. लोक सांगतात की, सतराव्या शतकात जगतसिंह नावाचा राजा होता. एका ब्राह्मणाजवळ मोती आहेत अशी चुगली त्याच्या कानी आली. राजाने मोती मागितले. ते ब्राह्मणाजवळ नव्हतेच. भीतीने त्याने घरादारासह स्वतःला जाळून घेतले. राजाच्या मनाला ते पाप डाचू लागले. मग त्याने अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणवली, राज्य देवाला वाहिले आणि स्वतः सेवक झाला.

दसऱ्याला या रघुनाथाचा रथ ढालपूरच्या मैदानावर दोरांनी ओढतात. गावोगावचे देव पालख्यांत बसून येतात, दोनशेच्या वर. मनालीची हिडिंबादेवी आल्याशिवाय उत्सव सुरू होत नाही. होय, भीमाची बायको हिडिंबा, तीच. तिथे रावणाचा पुतळा जाळत नाहीत. शेवटच्या दिवशी बियासकाठी गवत-झुडपे पेटवून लंकादहन करतात. पूर्वी लडाखचे आणि तिबेटचे व्यापारी या जत्रेला माल घेऊन येत. आजही लोकरीच्या शाली आणि टोप्या भरपूर मिळतात. हिवाळ्याआधीचा मोठा बाजारच म्हणा ना.

ज्यांना हा दसरा पाहायचा आहे, त्यांनी चंदीगडपर्यंत रेल्वेने जावे. पुढे सरकारी मोटारी मिळतात. रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा घोंगडी-स्वेटर न विसरता न्यावे. लाहौलात जायचे तर पहिल्या दिवशी धावपळ करू नये. उंचावर हवा विरळ असते. डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर दम खावा; दुखणे वाढले तर ताबडतोब खाली उतरावे.

पूर्वी रोहतांग बर्फाने बंद झाली की लाहौल जवळजवळ सहा महिने जगापासून तुटत असे. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट पाहावी लागे. बाळंतीण अडली तर घरच्यांचा जीव टांगणीला लागे. ३ ऑक्टोबर २०२० ला डोंगराच्या पोटातून ९ किलोमीटरांचा अटल बोगदा वाहतुकीला खुला झाला. मनालीहून केलाँगचे अंतर ४६ किलोमीटरांनी कमी झाले. आता हिवाळ्यातही मोटार पलीकडे जाऊ शकते. पण बोगद्याबाहेरच्या रस्त्यावर बर्फाचे कडे कोसळतात आणि वाट मधूनमधून बंद पडते. म्हणून लाहौलच्या बाया अजूनही आश्विनात विळा घेऊन उतारावर जातात आणि धाब्यावर पेंढ्या रचतात.