गाठ येण्याची वाट पाहू नकोस

अगं, न्यू मेक्सिकोत घर घेतलंत, मागे मोकळं आवार आहे, मांजरही आणलंस, हे ऐकून खूप आनंद झाला. पण एक गोष्ट तिथे तुला कोणी सांगितली नसेल, म्हणून मी सांगते. त्या भागात प्लेग अजून आहे. घाबरून जाऊ नकोस. साऱ्या अमेरिकेत वर्षाकाठी सरासरी सात जणांना होतो. मात्र त्यातले बहुतेक न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो याच पट्ट्यातले असतात.

प्लेग म्हटलं की आपल्याला काखेतली नाहीतर जांघेतली गाठ आठवते. मला तुझी काळजी वाटते ती यामुळेच. प्लेगचे हेच जंतू रक्तात भिनले की कधी कधी गाठ येतच नाही. थंडी वाजून ताप भरतो, पोटात दुखतं, उलट्या-जुलाब होतात, अंगातलं त्राण जातं. कोणालाही वाटावं, बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असेल. आणि आपण बायका तर मिठासाखरेचं पाणी पिऊन पडून राहतो! इकडे आत बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त गोठत असतं. बोटांच्या, नाकाच्या टोकांना रक्त पोचत नाही, ती काळी पडतात. उपचार झाले नाहीत तर यातून सहसा कोणी वाचत नाही.

2012 साली ओरेगॉन राज्यात एका गृहस्थाच्या मांजराच्या घशात उंदीर अडकला. ते तडफडायला लागलं म्हणून हे गृहस्थ उंदीर काढायला गेले आणि मांजर चावलं. जंतू रक्तात गेले. ते वाचले, पण हातापायांची बोटं काळी ठिक्कर पडली होती, ती कापावी लागली. मुक्या जिवाला सोडवायला तूही अशीच धावशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून आत्ताच सांगते, तसं झालं तर प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने, तोंडात हात घालू नकोस.

मांजराला पिसवांचं औषध नेमाने लाव, ते डॉक्टरला विचारूनच घे. त्याला शिकारीला बाहेर सोडू नकोस, अंथरुणात घेऊ नकोस. मेलेला ससा, उंदीर, खार दिसली तर उघड्या हातांनी उचलायची नाही. तुमच्याकडे माळावर प्रेअरी डॉग असतात ना, बिळांतून डोकावणारे? त्यांची गजबजलेली वस्ती एकाएकी ओस पडली, तर पोरांना तिकडे फिरकू देऊ नकोस. आपल्याकडे उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर राहायला जायचे, ते उगाच नव्हे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात.

आणि इथून नेलेली औषधांची पिशवी अशा वेळी उघडायची नाही. पेनिसिलिनच्या कुळातल्या गोळ्या प्लेगला चालत नाहीत. जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही त्यावरची औषधं, आणि तीही लगेच सुरू व्हावी लागतात. एक दिवस वाया गेला तरी जिवावर बेततं.

सावित्रीबाई फुले मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि त्याच आजाराने 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्या वेळी प्लेग खात्रीने बरा करणारं औषधच जगात नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 साली. तुझ्या गावच्या हॉस्पिटलात आज औषध आहे. डॉक्टरला फक्त संशय यायला हवा, आणि रक्त तपासायला घेतल्यावर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू व्हायला हवं.

तेव्हा ताप आला आणि त्याआधीच्या आठवड्यात मांजर चावलं असेल, पिसवा चावल्या असतील, मेलेल्या जनावराला हात लागला असेल, तर मध्यरात्र असली तरी तडक इमर्जन्सी गाठ. त्यांनी विचारायची वाट पाहू नकोस. काय घडलं ते सगळं सांग, आणि प्लेग तर नाही ना, हे तूच आधी विचार.