जर्मनीचे आघाडी सरकार : मंत्रिमंडळाची घडण आणि तिची परिभाषा

परदेशातील राजकारणाविषयी मराठीत लिहिताना शब्द सहज सापडतात, त्यामागची व्यवस्था मात्र निसटते. ‘चॅन्सेलरने खातेवाटप केले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. जर्मनीतील आघाडी सरकारच्या संदर्भात मात्र ते अर्धेच खरे ठरते. असे का, हे आपण २०२१ साली स्थापन झालेल्या मंत्रिमंडळाच्या आधारे पाहू.

२६ सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीत बुंडेस्टाग या लोकनियुक्त सभागृहात कोणत्याही पक्षाला बहुमत मिळाले नाही. ७३६ जागांपैकी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला २०६, ग्रीन पक्षाला ११८ आणि फ्री डेमोक्रॅटिक पक्षाला ९२ जागा मिळाल्या. या तीन पक्षांनी एकत्र येऊन सरकार बनवले. त्यांचे रंग अनुक्रमे लाल, हिरवा आणि पिवळा. म्हणून जर्मन भाषेत या आघाडीला ‘आम्पेल’ म्हणू लागले. या शब्दाचा जुना अर्थ टांगता दिवा, आजचा रूढ अर्थ रस्त्यावरील वाहतुकीचा दिवा. मराठीत ‘ट्रॅफिक लाइट आघाडी’ असे लिहिले जाते. आपण चौकात ज्याला सिग्नल म्हणतो तोच हा दिवा असल्याने ‘सिग्नल आघाडी’ हा पर्याय मला अधिक स्वाभाविक वाटतो.

आघाडीचा करार ७ डिसेंबर २०२१ रोजी स्वाक्षरित झाला आणि दुसऱ्या दिवशी ओलाफ शोल्झ यांची चॅन्सेलरपदी निवड झाली. हा क्रम ध्यानात घ्यावा. कोणते खाते कोणत्या पक्षाकडे जाणार, हे चॅन्सेलरच्या निवडीपूर्वीच करारात ठरलेले असते. त्या खात्यासाठी व्यक्ती कोण, हे ज्या त्या पक्षाने ठरवायचे. मूलभूत कायद्याच्या (जर्मनीच्या राज्यघटनेचे हेच नाव आहे) ६४ व्या अनुच्छेदानुसार चॅन्सेलरच्या प्रस्तावावरून राष्ट्राध्यक्ष मंत्र्यांची नेमणूक करतात. म्हणजे कायद्याच्या भाषेत अधिकार चॅन्सेलरचा. व्यवहारात मित्रपक्षाने दिलेले नाव तो पुढे पाठवतो. मंत्री संसदेचा सदस्य असलाच पाहिजे असेही नाही. भारतात सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्यत्व मिळवावे लागते. जर्मनीत तशी अट नाही. २०२३ मध्ये बोरिस पिस्टोरियुस संरक्षणमंत्री झाले तेव्हा ते बुंडेस्टागचे सदस्य नव्हते.

शोल्झ यांच्या मंत्रिमंडळात, चॅन्सेलर कार्यालयाच्या प्रमुखांसह, १६ मंत्री होते : आठ स्त्रिया आणि आठ पुरुष. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे ७, ग्रीन पक्षाकडे ५ आणि फ्री डेमोक्रॅटिक पक्षाकडे ४ खाती होती. एवढी आकडेवारी देऊन बातमी संपवली तर वाचकाची दिशाभूल होते, कारण खात्यांची संख्या आणि त्यांचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यासाठी ६५ वा अनुच्छेद वाचावा लागतो. त्यातून तीन तत्त्वे निघतात. धोरणाची दिशा चॅन्सेलर ठरवतो, हे चॅन्सेलर-तत्त्व. त्या दिशेच्या चौकटीत प्रत्येक मंत्री आपले खाते स्वतंत्रपणे आणि स्वतःच्या जबाबदारीवर चालवतो, हे खाते-तत्त्व. मंत्र्यांमधील मतभेदांचा निर्णय संपूर्ण मंत्रिमंडळ करते, हे मंडळ-तत्त्व. दुसरे तत्त्व आघाडीत फार महत्त्वाचे ठरते, कारण एखादे खाते एका पक्षाला दिले की त्याच्या दैनंदिन कारभारात चॅन्सेलरला सहसा हात घालता येत नाही. मराठीत ‘वाटप’ म्हटले की वडिलोपार्जित जमिनीची आठवण होते. येथे ती उपमा बऱ्याच अंशी लागू पडते. बांध घातला की पलीकडचे शेत दुसऱ्याचे.

त्यातही अर्थखाते निराळे आहे. मंजूर अंदाजपत्रकाबाहेरच्या खर्चाला अर्थमंत्र्याची संमती लागते. चार खात्यांच्या लहान पक्षाकडे, क्रिस्टियान लिंडनर यांच्या रूपाने, नेमके हेच खाते होते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी संघीय घटना न्यायालयाने ६० अब्ज युरोंची कर्ज-तरतूद हवामानविषयक निधीकडे वळवणे अवैध ठरवले. पैसा आटला आणि नव्या कर्जाचा वाद थेट अर्थमंत्र्यांच्या दारात आला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शोल्झ यांनी लिंडनर यांना दूर करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या पक्षाचे आणखी दोन मंत्री बाहेर पडले. वाहतूकमंत्री फोल्कर विसिंग यांनी मात्र पक्ष सोडला, मंत्रिपद राखले आणि न्यायखातेही सांभाळले. पक्षाने नाव सुचवले तरी कायद्याच्या दृष्टीने मंत्री पक्षाचा नसतो, हे यावरून स्पष्ट होते. १६ डिसेंबरला शोल्झ यांनी मांडलेला विश्वासदर्शक ठराव फेटाळला गेला.

६ मे २०२५ रोजी सत्तेवर आलेल्या फ्रीडरिश मेर्ट्स यांच्या मंत्रिमंडळात चॅन्सेलर वगळता १७ मंत्री होते : ख्रिश्चन डेमोक्रॅट ७, बव्हेरियातील त्यांचा भगिनी पक्ष ३ आणि सोशल डेमोक्रॅट ७. २०८ जागांच्या गटासमोर १२० जागा असलेल्या या धाकट्या भागीदाराने अर्थखाते मिळवले. लार्स क्लिंगबाइल अर्थमंत्री झाले.

आपली प्रगती तपासा

१. ‘शोल्झ यांनी मित्रपक्षांना चार आणि पाच खाती देऊन स्वतःचे वर्चस्व राखले.’ ६४ व ६५ हे अनुच्छेद लक्षात घेऊन हे वाक्य वृत्तपत्रासाठी पुन्हा लिहा.

२. मराठीत ‘युती’ आणि ‘आघाडी’ हे दोन्ही शब्द प्रचलित आहेत. महाराष्ट्रात ते विशिष्ट पक्षगटांच्या नावांशी जोडले गेले आहेत. जर्मन सरकारसाठी तुम्ही कोणता शब्द वापराल? कारण द्या.