शिसे सापडले, पण कोठे?

समा येथील माझ्या दवाखान्यात एका सोमवारी चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे आईवडील आले. शनिवारच्या एका आरोग्य शिबिरात बोट टोचून केलेल्या तपासणीत त्याच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ४८ मायक्रोग्रॅम निघाले होते. आईने विचारले, "डॉक्टर, ह्याच्या बुद्धीवर परिणाम झाला असेल का हो?" ४५ च्या पुढे शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे विचारात घ्यावी लागतात, आणि ती निरुपद्रवी नाहीत. मी भरतीची चिठ्ठी लिहूनही टाकली. रक्त कसे घेतले, हे विचारण्याचे भान मला त्यानंतर आले, हे येथे कबूल केले पाहिजे.

बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसले होते. स्पिरिटने जंतू मरतात. शिसे हा धातू, तो मरत नाही, साबण-पाण्याने धुऊन काढावा लागतो. शिबिराला जाताना आजींनी नातवाला मारुतीच्या दर्शनाला नेले होते आणि मूर्तीच्या पायाला हात लावायला सांगितले होते. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. वजनाचा नव्वद टक्के भाग शिसे.

येथे थोडे गणित करू. ५० मायक्रोलिटरच्या थेंबात प्रमाण ४ असेल तर शिसे २ नॅनोग्रॅम असते, ४८ असेल तर २४. म्हणजे बोटावरचा जेमतेम २५ नॅनोग्रॅम शेंदूर थेंबात मिसळला की निरोगी मूल विषबाधित ठरते. एवढा कण डोळ्यांना दिसणे अशक्य.

शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासले. उत्तर आले ४. शेंदूरच दोषी होता हे मी सिद्ध करू शकत नाही, पण ते शिसे रक्तातले नव्हते.

क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. त्याआधी कित्येक वर्षे त्यांची लढाई प्रयोगशाळेतील हवा, भांडी व आम्ले यांतून नमुन्यात शिरणाऱ्या शिशाशीच होती. म्हणून 'कोरा नमुना' आवश्यक: शिसेमुक्त पाणी त्याच सुईतून, त्याच नळीत भरून तपासायचे. त्यात शिसे निघाले तर रुग्णाच्या आकड्याला अर्थ नाही. बोटाचाच नमुना घ्यायचा असेल तर हात साबणाने धुवावेत, नंतर कशालाही स्पर्श होऊ देऊ नये, पहिला थेंब पुसून टाकावा. आणि वाढीव आकडा शिरेतील रक्तावर पडताळल्याविना औषध सुरू करू नये.

मॅगी नूडल्सचे प्रकरण आपणांस आठवत असेल. शिसे २.५ पीपीएमच्या मर्यादेपेक्षा अधिक, या व अन्य कारणांनी जून २०१५ मध्ये बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांना त्यासाठी आवश्यक मान्यता नव्हती, हे त्यामागील एक कारण. हैदराबाद, मोहाली व जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुढे शिसे मर्यादेत आढळले. पहिले आकडे चुकीचेच होते असे यावरून म्हणता येत नाही. ते न्यायालयात टिकले नाहीत, एवढे खरे.

आमच्या बालरुग्णाचे ४ हे प्रमाणही अमेरिकेतील सीडीसीने २०२१ मध्ये ठरविलेल्या ३.५ या संदर्भमूल्याहून जास्तच होते. घरातील जुना रंग, खेळणी, हात धुण्याची सवय, सर्व पाहिले. तीन महिन्यांनी, अर्थातच शिरेतून घेतलेल्या रक्तात, ते ३ झाले. आजी मात्र माझ्यावर अजून रुष्ट आहेत. मी मारुतीला बोल लावला, असे त्यांचे म्हणणे.