पिशवी माझ्या कपाटात आहे

पांढरकवडा, ता. केळापूर

बाळ्या,

काल तुझी माय आली अन् ओट्यावर बसून रडली. आधार, मतदानाचं कार्ड, राशनकार्ड सगळं पिशवीत घालून सुरतेला धाड, ते सरकारला परत करायचं आहे, असा तू फोन केलास म्हणे. ती पिशवी आता माझ्या कपाटात आहे. तुला मिळायची नाही. अन् तुझ्याजवळ जी कागदं असतील ती कुणाच्या हाती देऊ नकोस.

हे तुझ्या डोक्यात कुठून आलं ते मी ओळखलं. तापी जिल्ह्यातल्या कटासवानचा सती-पती पंथ, कुंवर केसरीसिंहांची परंपरा. तुझ्या खोलीतले सोबती त्याच भागातले. देवाला हात जोडणाऱ्याला मी काही म्हणत नाही. पण इंग्रजांशी झालेला करार 1969 मध्ये संपला, दिल्लीतलं सरकार नावापुरतं, खरी सत्ता पडद्याआडची अन् आपण आदिवासी देशाचे मालक, हे तू मायला शिकवतोस? कुठला करार, बाबा? 1947 मध्ये इंग्रज गेले. 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली, अन् ती लिहिणाऱ्या सभेत जयपालसिंह मुंडा आपल्या लोकांसाठी भांडले. स्टॅम्पपेपरवर 'नॉन ज्युडिशियल' छापलेलं असतं म्हणून सरकार खोटं, असंही तू सांगितलंस. अरे, तो स्टॅम्प खरेदीखताला, करारनाम्याला लागतो. कोर्ट फीचा वेगळा. यापलीकडे त्यात काही नाही.

झारखंडात बुरुगुलीकेरा नावाचं गाव आहे. सरकारी कागदं ठेवायची की परत करायची, या वादात ते गाव फुटलं अन् जानेवारी 2020 मध्ये सात माणसं मारली गेली. मारणारे बाहेरचे नव्हते. ते वाचल्यापासून तुझा फोन लागला नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

कार्डं देऊन टाकशील तर नुकसान कुणाचं? राशनकार्ड गेलं अन् राशन दुकानात अंगठा लागला नाही तर धान्य मायचं बंद होईल, त्या पडद्याआडच्या सत्तेचं नाही. तुझी जात पडताळणी अजून व्हायची आहे. त्यासाठी कोतवाल बुकातल्या जुन्या नोंदीची नक्कल काढायला मी किती खेटे घातले, हे तुझ्या मायला विचार.

आजोबांचा पत्र्याचा डबा तुला आठवतो? धान्याच्या कोठीमागं असायचा. त्यात अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या होत्या, खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, एका कडेनं उधईनं खाल्लेल्या. दंड भरून आलेला म्हातारा त्या दिवशी जेवायचा नाही. पण पावती त्यानं कधी फेकली नाही. पुढं 2006 चा वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे, हे दाखवायचं होतं. तेव्हा त्याच पावत्या पुरावा म्हणून कामी आल्या. आजीच्या नावानं पट्टा मिळाला. आज त्याच वावरात पऱ्हाटी उभी आहे. आपल्या घरात कागद असा जपलेला आहे, अन् तू तो कुणाला देऊन टाकायला निघालास.

तुझा राग मला कळतो. जंगल आपलं असून आपल्याच माणसाला चोर ठरवलं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण आपलं गाव पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहे, 1996 चा पेसा कायदा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. हे सगळं उघड्यावर लिहिलेलं आहे. तुझ्या वयाचा असताना मी सभेत मागच्या भिंतीला टेकून बसायचो, तोंड उघडायचो नाही. ते अजून सलतं. तुला बोलता येतं. शाळेत असताना पंधरा ऑगस्टला तू बोलायला लागलास की सगळा वर्ग गप्प व्हायचा. ती जीभ इथं हवी होती रे.

रागावून लिहिलं, मनावर घेऊ नकोस. तुझा बाप गेल्यापासून तू मला माझ्या पोरांच्या आधी आठवतोस. पोळ्याला ये. तिकिटाचे पैसे पाठवतो. बैलजोडी तुझ्याच हातानं सजवू, राशनचा अंगठा तेव्हाच लावून टाकू. अन् सोबत्यांपैकी कुणाला यावंसं वाटलं तर त्यालाही आण. त्यांना शिव्या द्यायला बोलावत नाही, तीही आपलीच पोरं आहेत, घरापासून लांब. मामी पुरणाची पोळी करेल. रात्रपाळीत उपाशी राहू नकोस अन् पत्र मिळताच मायला एक फोन कर.

तुझा मामा