आत्या ‘पुरे’ म्हणाली तेव्हा

इंदूरच्या रामबागेतली माझी आत्या नव्वदीला टेकल्यावर म्हणू लागली, “पुरे झालं. आता मला जाऊ द्या.” तिचे दोन्ही मुलगे वाड्याच्या वाटणीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. त्या काळात जे उमगलं ते लिहिते.

१. ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून म्हाताऱ्या माणसाला गप्प करू नये. नेमकं काय सोसवत नाही ते विचारावं. आत्याची कंबर रात्रभर ठणकायची. लघवीसाठी दुसऱ्याला उठवायची तिला लाज वाटायची. आणि “एक आला की दुसरा जिना उतरतो, हे बघवत नाही गं.” दुखण्यावर नीट औषध मिळालं, उदासीवर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार झाले, आणि मरणाची घाई ओसरली. एक म्हणणं मात्र कायम राहिलं: शेवटी मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका.

२. कायदा वेळेवर समजून घ्यावा. धाकट्याला वाटे, इंजेक्शन देऊन आईला सोडवता येईल. आपल्याकडे तो गुन्हा आहे. थोरल्याला उपचार थांबवणं म्हणजे खून वाटे. तसंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पुढे वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं तपासून निर्णय देतात. माणूस शुद्धीवर असतानाच हा कागद करावा.

३. इंदुरात शेजारीपाजारी जैन घरं पुष्कळ, त्यामुळे संथाऱ्याचा विषय निघालाच. अन्नपाणी सोडून मरण पत्करण्याचं ते धर्माचं व्रत आहे. आत्याला व्रत नको होतं, तिला सुटसुटीत मरण हवं होतं.

४. भांडणाऱ्या घरात ‘तिच्या वतीनं बोलणार कोण’ हाच खरा तिढा असतो. वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग हिच्या खटल्यात, २०११मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं तिच्या वतीनं बोलण्याचा मान केईएम रुग्णालयातल्या परिचारिका-डॉक्टरांना दिला, कारण इतकी वर्षं तिचं सगळं त्यांनी केलं होतं. मला हे फार न्याय्य वाटतं. आत्यानंही आपल्या इच्छापत्रात तिची शुश्रूषा करणाऱ्या धाकट्या सुनेचं नाव पहिलं घातलं. थोरला दुखावला. दुखावू दे.

५. मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाकडून समेट घडवून घेऊ नये. आम्ही भावांना एकत्र बसवलंच नाही. डॉक्टर एकाशी सकाळी बोलले, दुसऱ्याशी संध्याकाळी. वाड्याचा वाद अजून कोर्टात आहे. पण इच्छापत्राची प्रत आता दोघांकडेही आहे, आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडे.