यादी टाइप करताना फॉन्ट बघा
मागे बोटमालकांची यादी आम्ही ऑफिसात टाइप केली, पेनड्राइव्हवर घेऊन प्रिंट काढायला गेलो, तर नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं! अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. सगळी यादी हाताने लिहिली, त्या घाईत एका बोटीचा नंबर चुकला.

कृतीदेवसारखा जुना फॉन्ट इंग्रजी अक्षरावरच मराठी आकार चढवतो. दिसतो 'क', पण फाइलीत साठतं इंग्रजी 'डी'. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की झालं! युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च राहतो. म्हणून युनिकोड कीबोर्ड लावून वर्डमध्ये मंगल फॉन्टने टाइप करा. बडोद्यात आपल्याला गुजरातीही लागतं, ते त्याच फाइलीत श्रुती फॉन्टने बसतं. जुनी फाइल मात्र नुसता फॉन्ट बदलून सुधारत नाही, कन्व्हर्टरमधून काढावी लागते.

रकाने टेबलात करा, स्पेस मारमारून जुळवू नका. पाठवायची ती पीडीएफ. मूळ फाइलीच्या नावात तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवी' अशा चार फाइली आमच्याकडेही आहेत, कबूल!

बोटीचा नंबर मालकाने स्वतः तपासावा. जुन्या याद्या असतील तर पेनड्राइव्ह ऑफिसात आणा, बदलून देतो.