पहिली घडी : नवशिक्यांना शुभेच्छापत्रे शिकविताना

वसतिगृहाच्या वेळापत्रकात हस्तकलेची संध्याकाळ हा सर्वांत दुर्लक्षित तास असतो. सायंवंदना आणि जेवण आटोपल्यावर झोपेच्या घंटेपर्यंत जो वेळ उरतो, त्यात मुलांनी हाताने काही तरी करावे, एवढीच त्यामागील अपेक्षा. डहाणू-तलासरी भागात अशा संध्याकाळी मुलांकडून शुभेच्छापत्रे करवून घेण्याचे काम मी काही वर्षे केले. आपले अनेक माजी विद्यार्थी आज स्वतः आश्रमशाळांत व वसतिगृहांत शिकवीत आहेत; त्यांच्या उपयोगी पडेल ते येथे लिहून ठेवतो.

आरंभी माझी चूक सांगणे बरे. पहिल्या वर्षी मी एक नमुना करून नेला होता. कागदी पाकळ्यांचा गुलाब, त्याला कापून काढलेली खिडकी, वर साटिनची फीत. तो भिंतीवर लावला आणि 'असे करा' म्हणालो. दोन तासांनी निम्म्या मुलांचे गुलाब अर्धवट होते, उरलेल्यांचे माझ्या गुलाबापेक्षा थोडे वाईट होते आणि सर्वांची बोटे डिंकाने चिकट झाली होती. सहावीतील एका मुलीने आपला कागद उपडा करून मांडीखाली दडवला. विचारल्यावर एवढेच म्हणाली, "मला चित्र येत नाही." पुढे दिवाळीच्या सुट्टीत तिच्या पाड्यावर जाण्याचा योग आला. घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक अजून शाबूत होता आणि चौकाच्या कडेची नक्षी त्याच मुलीने मावशीच्या हाताखाली भरली होती. ज्या मुलीला चित्र येत नव्हते, तिच्याशी मी चुकीच्या चित्राबद्दल बोलत होतो.

तेव्हापासून नमुना दाखविणे मी बंद केले. पहिल्या संध्याकाळी शिकवायची ती घडी, चित्र नव्हे.

घडी ही किरकोळ बाब वाटते, परंतु नवशिक्याचे कार्ड बिघडते ते बहुधा तिथेच. झेरॉक्सचा साधा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो. त्याचे कार्ड उभे राहत नाही. 180 ते 250 जीएसएमचा कागद हवा. तो विकतच घ्यावा लागतो असे नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात आणि मागितल्या तर बहुधा मिळतात. ए-फोर आकाराचा जाड कागद, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर, आडवा मधोमध कापला की दोन कार्डांचा ऐवज होतो. प्रत्येकाची घडी घातली की 105 बाय 148 मिलिमीटरचे कार्ड तयार.

आता कागदाचे तंतू. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर पाठीवर कागद फुटतो आणि रंगीत कागदाच्या आतला पांढरा लगदा दिसू लागतो. हे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. बांबू उभा चिरतो, आडवा चिरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. कागद एकदा लांबीने आणि एकदा रुंदीने हलकेच वाकवून पाहायला सांगावे. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्याच बाजूने घडी. खात्री करायची असेल तर त्याच कागदाचा लहानसा चौकोन थाळीतील पाण्यावर सोडावा. तो गुंडाळू लागतो, आणि त्या नळीची लांबी ज्या दिशेला, त्याच दिशेला तंतू. या एका प्रयोगावर वीस मिनिटे जातात. जाऊ द्यावीत, मुले थाळीभोवती जमली की भीती जाते.

घडीच्या रेषेवर आधी खाच पाडावी. त्यासाठी शाई संपलेली बॉलपेनची रिफिल आणि पोलादी फूटपट्टी पुरेशी आहे. खाली जुनी वही ठेवावी, म्हणजे खाच नीट उमटते. दाब एकदाच आणि सारखा. दोनदा रेघ ओढली की बहुधा दोन खाचा होतात. मग खाच बाहेरच्या अंगाला राहील अशी घडी घालून चमच्याच्या पाठीने ती दाबून काढावी. पहिल्या दोन घड्या रद्दी कागदावर घालू द्याव्यात. कार्ड उलटे उघडणे ही नवशिक्यांची हमखास होणारी चूक आहे. त्यासाठी घडी डाव्या हाताला धरून कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करायला सांगावे. ब्लेड शिक्षकाच्याच हाती असावे. चिकटविण्यास गव्हाच्या पिठाची ताजी खळ उत्तम. ती टिकावी म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालीत. तो विषारी असल्याने मुलांच्या कामात मुळीच नको, खळ रोज नवी करावी. खळ नेहमी लहान तुकड्याला लावावी, कार्डाला नव्हे. आणि रात्रभर कार्डे पुस्तकांच्या वजनाखाली ठेवावीत, नाही तर सकाळी सगळी पापडासारखी फुगलेली सापडतात.

घडी साधली की मुलाच्या हाती स्वतःची, सुबक आणि कोरी वस्तू येते. आता त्यावर काय काढायचे, हा प्रश्न आपोआप त्याचा होतो.

इथे आपल्या भागाचे भाग्य लक्षात घ्यावे. वारली समाजात चौक काढीत नाहीत, चौक 'लिहितात'. तांदळाच्या पिठाचे पांढरे, गेरूने सारवलेली भिंत आणि बांबूची काडी, टोकाशी चावून मऊ केलेली. इतक्या साहित्यात सुवासिनी लग्नाच्या घरी हे लेखन करीत आल्या. 1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि हे भिंतीवरचे लेखन कागदावर उतरू लागले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी पुढे ते जगभर नेले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले होते आणि धुळीत चित्रे काढूनच ते सांगायचे ते सांगत, असे म्हणतात. ही हकिगत मी प्रत्येक गटाला सांगतो. ऐकून झाल्यावर 'मला येत नाही' असे म्हणणारी मुले थोडी गप्प होतात.

मात्र एक पथ्य आहे. बाजारातील पणत्यांवर आणि पिशव्यांवर छापलेली 'वारली डिझाइन' मुलांपुढे ठेवू नयेत. ती पुन्हा माझा गुलाबच होतात. आणि चौकातील पालघाट देवीची आकृती कार्डावर आणू नये. ती लग्नाच्या भिंतीची आहे, तिला तिचे विधी आहेत. वारली मुलांना हे ठाऊक असते. अडचण होते ती बाहेरून आलेल्या उत्साही शिक्षकाची. माणसे, झाडे, तारप्याभोवतीचा नाच, बैल, ताडी काढणारा, आगगाडीसुद्धा, हे सगळे मोकळे आहे. एका मुलाने मुंबईची लोकल काढली होती, तिच्या दारात लोंबकळणारी त्रिकोणी माणसे अगदी अस्सल होती.

बुद्धपौर्णिमेच्या कार्डांची अडचण वेगळी. मुलांना बुद्धांचा चेहरा काढण्याचे भय वाटते, आणि चेहरा बिघडला की ती खजील होतात. अशा वेळी भारहुत आणि सांचीची आठवण द्यावी. तेथील इसवी सनापूर्वीच्या शिल्पकारांनी बुद्धांची मानवी आकृती कोरलीच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पावलांचे ठसे, धम्मचक्र यांवरच त्यांनी काम भागविले. आठवड्यापूर्वी काडी हातात धरलेल्या मुलालाही झाड आणि रिकामे आसन काढता येते. पिंपळाच्या पानाची जाळी लावायची असेल तर तयारी तीन-चार आठवडे आधी करावी लागते: पान पाण्यात बुडवून ठेवायचे, पाणी बदलत राहायचे, आणि गर सुटला की जुन्या दात घासण्याच्या ब्रशने हलक्या हाताने काढून टाकायचा. ही घाई करण्याची गोष्ट नाही. देठ तुटला तरी चालेल, मधली शीर तुटता कामा नये.

आता कार्ड कोणासाठी, याकडे येतो. खरे तर हे आधी सांगायला हवे होते. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले व्यापारी कार्ड छापविले, ते पुष्कळ लोकांना पत्रे लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणून. आमच्या मुलांचे कारण नेमके उलटे आहे. त्यांना एकाच माणसाला लिहायचे असते, आणि त्या माणसाला बहुधा वाचता येत नाही. भात कापून झाले की या दोन्ही तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे कामासाठी घर सोडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी मासेमारीच्या बोटीवर. मूल वसतिगृहात, आई भट्टीवर. तिथे 'सुखसमृद्धीचे जावो' अशा छापील वाक्याचा उपयोग नाही. म्हणून मी मुलांना विचारतो: आई हे कार्ड हातात घेऊन कोणाला न विचारता काय समजेल? मग चित्रे बदलतात. एका मुलीने पाच जेवणारी माणसे आणि एक मोठे पातेले काढले. जेवण मिळते आहे, एवढे आईला कळावे म्हणून. एकाने दोन पाय काढले, एकाला पट्टी, दुसरा साधा. पाय बरा होत आहे, असा त्याचा निरोप होता.

आत ओळी लिहायच्याच असतील तर त्या घरच्या बोलीत लिहू द्याव्यात. भट्टीवर कोणी तरी वाचून दाखवील, तेव्हा आईच्या कानी तिच्या लेकराची बोली पडली पाहिजे, आमच्या व्याकरणाची नव्हे. वर्गात प्रमाण मराठी शिकविणे माझे काम आहे आणि ते मी सोडलेले नाही. पण या कार्डावर लाल शाईचा पेन उघडू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. मुलाचे चित्र 'जरा नीट करून देतो' म्हणून हातात घेणे हाही त्याच जातीचा अपराध. मला ती सवय मोडायला फार वर्षे लागली. म्हणून आता मी संध्याकाळभर हातात चमचाच धरून फिरतो, घड्या दाबायला.

भट्टीला टपालाचा पत्ता नसतो. कार्डे जातात ती माणसांच्या हाती: रविवारी भेटायला आलेला मामा, त्या बाजूला निघालेला टेम्पोवाला. म्हणून पाकीट करताना ते कार्डापेक्षा चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठे करावे आणि आत जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घालावा. खिशात बसून गेलेले कार्ड घडीवर मोडते. पाकिटावर नाव लिहिता आले तर उत्तम; नाही तर मूल तिथेही एक खूण काढते. मांडीखाली कागद दडविणाऱ्या त्या मुलीने पाकिटावर चौकाच्या कडेची नक्षी काढली होती. तिची मावशीही त्याच भट्टीवर होती. पाकीट कोणाकडून आले, हे ते न उघडताच तिला ओळखू आले, असे तिचा मामा पुढच्या रविवारी सांगत होता.